शेवटच्या पानांपासून

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात सिलतरा येते. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, पेलेटचे कारखाने, रोलिंग मिल, वीजघरे, सगळे एकमेकांना खेटून. इथे उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेले पांढरे कापड संध्याकाळी झटकूनच घरात न्यावे लागते. तुळशीच्या पानावरून बोट फिरवले तर बोटावर काळी रेघ उठते. आयुष्याची तीस वर्षे मी ताळेबंद तपासण्यात घालवली. त्या काळ्या रेघेचा हिशेब नेमका कुठल्या कागदावर लिहिलेला असतो, हा प्रश्न मात्र मला बराच उशिरा पडला, आणि त्यातून हे पुस्तक झाले.

कंपन्या स्वतःबद्दल जे जाहीर करतात ते कसे वाचावे, हा या पुस्तकाचा विषय. वार्षिक अहवाल, तिमाही निकाल, शेअर बाजाराला कळवलेल्या घडामोडी, पर्यावरण मंजुरीचे अर्ज, असे हे कागद असतात. कायद्याच्या मराठीत याला प्रकटीकरण म्हणतात; कचेरीत सगळे डिस्क्लोजरच म्हणतात. उदाहरणे बहुतेक रायपूर परिसरातल्या लोखंड-पोलादाच्या कंपन्यांची आहेत. हस्तलिखित वाचून काहींनी विचारले, रायपूरचा विषय मराठीत कशाला? सुरुवात तिथूनच करतो.

सारडा एनर्जी अँड मिनरल्सचा कारखाना सिलतऱ्यात, पण नोंदणीकृत कार्यालय नागपुरात सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर. जायसवाल नेको इंडस्ट्रीजचा पोलाद कारखानाही सिलतऱ्यातच, आणि नोंदणीकृत कार्यालय नागपूरच्या हिंगणा रस्त्यावर, एमआयडीसीत. भांडवल बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने आपल्या निकालांची जाहिरात एका इंग्रजी राष्ट्रीय दैनिकात द्यायची आणि नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे त्या प्रदेशाच्या भाषेतल्या एका दैनिकात द्यायची. कार्यालय नागपुरात, म्हणून भाषा मराठी. सिलतऱ्यात जे तापते, वितळते आणि विकले जाते त्याचा तिमाही हिशेब असा मराठीत छापण्याची कायद्याने सोय आहे. सिलतऱ्यातल्या माणसाला ती भाषा वाचता येत नाही. नागपूरचा वाचक ती बारीक अक्षरांची चौकट ओलांडून पुढच्या पानावर जातो. ज्याच्या दाराशी धूर आहे त्याच्या हाती कागद नाही, आणि ज्याच्या हाती कागद आहे त्याला धूर दिसत नाही. हे अंतर थोडे तरी कमी व्हावे म्हणून हे पुस्तक मराठीत आहे.

दुसरे कारण जुने आणि माझ्या घराजवळचे आहे. मी रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरात वाढलो. नागपूरकर भोसल्यांच्या कारभारासोबत इथे आलेल्या मराठी माणसांनी पुढे या प्रदेशाच्या सार्वजनिक जीवनात मन लावून काम केले. जानेवारी १९०० मध्ये माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, त्याचे प्रकाशक रायपूरचे वामन बळीराम लाखे. मासिक तीनच वर्षे चालले. पण काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने शास्त्रीय परिभाषेचा कोश केला तेव्हा अर्थशास्त्राचे हिंदी शब्द बसवण्याचे काम याच सप्र्यांनी केले. लाख्यांनी १९१३ साली रायपुरात सहकारी सेंट्रल बँक उभी केली. एकाने व्यवहाराला लोकांच्या भाषेतले शब्द दिले, दुसऱ्याने अशी संस्था उभी केली जिच्या सभासदाला हिशेब विचारण्याचा हक्क होता. सहकारी संस्थेची आमसभा ज्याने पाहिली आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल: जमाखर्चाचा आकडा मोठ्याने वाचला जातो, मागच्या रांगेतला कोणीतरी उठून ‘हा खर्च कशाचा’ म्हणून विचारतो, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसत नाही. कंपनीच्या कागदांकडे पाहताना तो मागच्या रांगेतला माणूस माझ्या डोळ्यांसमोर असतो.

आता विषयाच्या गाभ्याकडे. आपल्याकडे १९९२ पर्यंत कंपनीने शेअर किती किमतीला विकायचा हे दिल्लीत बसलेला भांडवल नियंत्रक ठरवत असे. त्याला हा अधिकार देणारा १९४७ चा कायदा गेला, सेबीला वैधानिक अधिकार मिळाले, आणि सगळ्या व्यवस्थेचे तत्त्वच बदलले. किंमत कंपनी ठरवेल, धोके कंपनी सांगेल, आणि वाचून निर्णय घेणारा घेईल. म्हणजे सरकारने जो भार उचलला होता तो वाचकाच्या खांद्यावर आला. वाचायला मात्र कोणी शिकवले नाही. वाणिज्य शाखेत ताळेबंद जुळवायला शिकवतात, दुसऱ्याचा ताळेबंद वाचून त्याच्या मनात काय आहे ते ओळखायला शिकवत नाहीत.

‘उदयोन्मुख बाजारपेठ’ हा शब्दही त्याच्या आदल्याच दशकातला. जागतिक बँक समूहातल्या इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या अँटोइन व्हॅन अ‍ॅग्टमेल यांनी तो १९८१ मध्ये वापरला, कारण ‘तिसरे जग’ म्हटले की गुंतवणूकदार पैसा लावायला तयार होईना. या बाजारपेठांत धंदा कसा चालतो याचे मला सर्वांत पटलेले विवेचन तरुण खन्ना आणि कृष्णा पलेपू यांचे, १९९७ सालच्या हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखातले. श्रीमंत देशांत कंपनीला ज्या गोष्टी बाजारात तयार मिळतात, म्हणजे खात्रीचे कर्ज, खात्रीचा पुरवठादार, तंटा लवकर सोडवणारे न्यायालय, त्या इथे मिळत नाहीत. मग कंपनी त्या पोकळ्या स्वतःच भरते. एकाच घराण्याच्या हाती दहा धंदे असतात, ते याच गरजेतून.

सिलतऱ्यात ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. कोळशावर चालणाऱ्या स्पंज आयर्नच्या फिरत्या भट्टीत एका टोकाने लोहखनिज आणि कोळसा जातो, दुसऱ्या टोकाने सच्छिद्र लोखंड बाहेर पडते. ते इंडक्शन भट्टीत वितळवून बिलेट करतात आणि बिलेट लाटून घरबांधणीच्या सळया. या प्रत्येक पायरीवर कोणीतरी अडवू शकतो. वीज खंडित झाली तर भट्टी गार होते, म्हणून भट्टीच्या गरम वायूवर चालणारे स्वतःचे वीजघर. खनिजाचे म्हणाल तर बैलाडिल्याचे उत्तम लोहखनिज १९६८ पासून डोंगर उतरून विशाखापट्टणमला आणि तिथून जपानला जात राहिले. छत्तीसगढच्या कारखानदाराला आपल्याच राज्यातल्या खनिजासाठी बाजारभावाच्या रांगेत उभे राहावे लागे. म्हणून स्वतःची खाण. गोदावरी पॉवर अँड इस्पात ही हिरा समूहाची कंपनी कांकेर जिल्ह्यातल्या आरी डोंगरीच्या खाणीचे खनिज काढते, त्याचे पेलेट करते, पेलेटचे लोखंड, लोखंडाची सळई, आणि मधल्या उष्णतेची वीज. ‘कॅप्टिव्ह’, म्हणजे स्वतःच्याच वापरासाठीचे, हा शब्द या धंद्यात दिवसातून वीस वेळा कानावर पडतो. रायपूरच्या कंपन्यांचे धोरण एका शब्दात सांगायचे तर तो शब्द हाच.

आणि नेमक्या याच शब्दावर २०१४ साली घाव पडला. त्या वर्षी २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून वाटलेल्या कोळसा खाणींपैकी २१४ खाणींचे वाटप रद्द केले. चालू खाणींना ३१ मार्च २०१५ पर्यंत मुदत दिली आणि तोवर काढलेल्या प्रत्येक टनामागे २९५ रुपये भरायला सांगितले. रायगढ जिल्ह्यातल्या गारे पेलमा या एकाच पट्ट्यात रायपूरच्या तीन कंपन्यांच्या खाणी होत्या. जायसवाल नेकोकडे चौथ्या विभागातल्या चार आणि आठ क्रमांकाच्या, मोनेट इस्पातकडे पाच क्रमांकाची, सारडांकडे, त्यांच्या रायपूर अलॉइज या जुन्या नावाने, सात क्रमांकाची. सगळ्या गेल्या. पुढच्या लिलावात चार आणि पाच हिंडाल्कोला मिळाल्या, आठ अंबुजा सिमेंटला, आणि सारडांची सात क्रमांकाची मोनेटने बोली लावून घेतली.

मोनेटचे पुढे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. रायपूरजवळ मंदिर हसौदला आणि रायगढला कारखाने असलेली ही कंपनी २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने दिवाळखोरी प्रक्रियेसाठी निवडलेल्या पहिल्या बारा खात्यांत होती. बँकांचे दावे सुमारे ११,००० कोटींचे, हाती आले त्याच्या साधारण चौथा हिस्सा. कंपनी एऑन आणि जेएसडब्ल्यूकडे गेली. जायसवाल नेकोचे नाव त्याच वर्षीच्या दुसऱ्या यादीत आले. मोनेटच्या हातून सुटलेली सात क्रमांकाची खाण पुन्हा लिलावाला निघाली, आणि ज्यांची ती मुळात होती त्या सारडांनीच ती परत मिळवली. २०२४ मध्ये त्याच कंपनीने रायगढ जिल्ह्यातला एसकेएस पॉवरचा ६०० मेगावॅटचा वीज प्रकल्प दिवाळखोरी प्रक्रियेतून घेतला. एकच जमीन, एकच कोळसा, तीन कंपन्यांची तीन नशिबे.

ही नशिबे आधी वाचता आली असती का? माझे उत्तर आहे की प्रश्न तरी आधी विचारता आला असता. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा कोळसा वाटपावरचा अहवाल ऑगस्ट २०१२ मध्ये संसदेपुढे आला होता. त्या दिवसापासून या कंपन्यांच्या वाचकाने एकच आकडा शोधायचा होता: खाण गेली तर बाहेरून कोळसा विकत घेऊन कर्जाचे व्याज भरता येईल का? त्या उत्तराचे तुकडे कंपनीच्या वार्षिक अहवालात वेगवेगळ्या टिपांत पडलेले असतात. व्याज नफा-तोटा पत्रकात, कच्च्या मालाचा खर्च त्याच्या टिपेत, बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पांत अडकलेली रक्कम मालमत्तेच्या टिपेत, न्यायालयातले दावे संभाव्य देण्यांत, प्रवर्तकांचे किती शेअर तारण आहेत ते भागधारणेच्या तक्त्यात. तारणाची ही माहिती २००९ च्या जानेवारीत, सत्यमचा घोटाळा उघड झाल्यावर, सक्तीची झाली. एकेक तुकडा निरुपद्रवी दिसतो. एका कागदावर एकाखाली एक उतरवून काढले की चित्र उभे राहते. पुस्तकाच्या तिसऱ्या भागात हे काम मी सावकाश, आकडा धरून केले आहे.

म्हणून माझा सल्ला, अहवाल मागून वाचा. पुढची गुळगुळीत पाने, अध्यक्षांचे निवेदन आणि भट्टीतल्या तांबड्या ओघाचे छायाचित्र, ही शेवटी पाहिली तरी चालतात. सुरुवात टिपांपासून करावी, आणि टिपांतही आधी संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार. कोळसा कोणाकडून घेतला, माल कोणाला विकला, भाडे कोणाला दिले, कर्ज कोणाला दिले आणि ते परत आले का. घराण्याच्या दहा धंद्यांत पैसा कुठून कुठे फिरतो ते तिथे दिसते.

टिपांवर माझा इतका जोर का, त्यामागे एक अनुभव आहे. शिकाऊ असताना एका कारखान्यात मला कोळशाच्या साठ्याची मोजणी करायला पाठवले. मार्चची अखेर, आवारात दुमजली घराएवढा ढीग. दोन मजुरांनी टेप धरला, एकजण बांबू घेऊन वर चढला, मी वहीत लांबी, रुंदी, उंची लिहीत होतो. ढिगाला कोपरे नसतात. तो कुठे सरळ आहे, कुठे कलता, हे नजरेने ठरवावे लागते. घनमापाला कोळशाच्या घनतेने गुणायचे, आणि घनता कोणती धरायची हेही कोणीतरी सांगायचे. आदल्या रात्री पाणी मारलेले होते, ओला कोळसा जड. मी दुपारी आकडा काढून हिशेबाच्या खोलीत गेलो तेव्हा साठ्याचा आकडा पुस्तकात सकाळीच चढलेला होता. माझी वही कोणी मागितली नाही. मी तेव्हा बोललो नाही. त्या आकड्याने त्या वर्षीचा नफा किती हलला असेल याचा हिशेब मी पुढे अनेकदा मनात केला आहे. अहवालात ‘साठा: व्यवस्थापनाने प्रमाणित केल्याप्रमाणे’ असे शब्द दिसले की मला अजून तो बांबूवाला माणूस आठवतो.

इथवरचे सगळे कागद गुंतवणूकदारासाठी. कारखान्याभोवतीच्या लोकांसाठी कायद्याने दुसरी फाइल ठेवली आहे, आणि माझ्या मते या पुस्तकाचा महत्त्वाचा भाग तोच. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या विस्तारासाठी पर्यावरण मंजुरी लागते. त्यासाठीच्या अहवालात किती कोळसा जाळणार, पाणी कुठून घेणार, राख कुठे टाकणार हे लिहावे लागते. त्याचा गोषवारा स्थानिक भाषेत करून ग्रामपंचायतीत ठेवायचा, तीस दिवसांची मुदत देऊन जनसुनवाई घ्यायची, आणि शेवटी लोकांनी काय म्हटले ते त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचे. मंजुरी मिळाली की दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा.

या दोन फाइली मी शेजारी-शेजारी ठेवून वाचायला लागलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. कंपनीची योजना अनेकदा शेअर बाजाराच्या आधी पर्यावरण खात्याला कळते. क्षमता दुप्पट करायची असेल तर आधी परिवेश या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो, आणि तो सगळ्यांना पाहता येतो. वार्षिक अहवालात ‘विस्ताराच्या संधी तपासत आहोत’ एवढेच असते, तर अर्जात टनांचा आकडा, भट्ट्यांची संख्या आणि गावाचे नाव असते. धोरण समजून घ्यायला यापेक्षा मोकळा कागद मला दुसरा सापडलेला नाही. भांडवल बाजाराचे जाणकार तो फारसा उघडत नाहीत, आणि गावकऱ्यांना गुंतवणूकदारांचे सादरीकरण कोणी दाखवत नाही.

एका जनसुनवाईत मी मागे उभा होतो. मंडप, पंखे, व्हिडिओ कॅमेरा, सगळे नियमाप्रमाणे. गोषवारा हिंदीत होता, शुद्ध आणि जड. एका बाईंनी माइक हातात घेऊन छत्तीसगढीत विचारले की पाणी जर नदीतून घेणार तर उन्हाळ्यात, नदी आटल्यावर, कुठून घेणार. उत्तर देणाऱ्याने अहवालातला घनमीटरचा आकडा वाचला. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मला वाटते त्या दिवशी त्या मंडपात धोरणाचा खरा प्रश्न त्यांनीच विचारला होता, कारण उन्हाळ्यात पाणी नसेल तर वीजघर चालत नाही, आणि वीजघर थांबले तर कर्जाचा हप्ता थांबतो. भागधारकांच्या सभेत हा प्रश्न आला असता तर त्याला जोखीम म्हटले असते.

सेबीने २०२१ मध्ये या दोन फाइलींना जोडणारा एक धागा दिला. बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला बीआरएसआर म्हणतात. पाणी, उत्सर्जन, अपघाती मृत्यू, तक्रारी, सगळे तक्त्यात. कायम कामगार किती आणि कायम नसलेले किती, हा त्यातला एक रकाना. तो वाचताना मला दल्ली-राजहरा आठवते. भिलाईच्या पोलादासाठी खनिज काढणाऱ्या तिथल्या ठेका कामगारांनी १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्यासोबत संघटना उभारली, ती याच फरकावर. नियोगींचा १९९१ मध्ये भिलाईत खून झाला. त्या माणसांनी रस्त्यावर उभे राहून मांडलेला आकडा आज कंपनी स्वतःच्या हाताने भरते, आणि पुष्कळ वाचक त्यावरून नजर न थांबवता पुढे जातात. कृपा करून थांबा. कायम नसलेल्यांचा आकडा मोठा असेल तर अपघातांचा रकाना त्याच्याशेजारी ठेवून पाहा.

युरोपच्या कार्बन कराबद्दल शेवटच्या प्रकरणात थोडक्यात लिहिले आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून तिथे पोलाद आयात करणाऱ्याला उत्सर्जनाचा आकडा कळवावा लागतो आणि २०२६ पासून त्याचे पैसे मोजण्याची पाळी येते. कोळशावरच्या स्पंज आयर्नला ही गोष्ट जड जाणार. सिलतऱ्याच्या धुराचा आकडा आता ब्रुसेल्समध्ये मागितला जातो. तो आकडा सिलतऱ्याच्या शाळेच्या भिंतीवरही लिहिलेला असावा, असे मला मनापासून वाटते.

पुस्तकात काय नाही तेही सांगतो. कुठला शेअर घ्यावा, कुठला विकावा, हे नाही. कुठल्या कंपनीला चांगले-वाईट ठरवण्याचा प्रयत्नही नाही. ज्या धंद्याने या शहराला रोजगार दिला त्याच्याशी माझे वैर नाही. माझ्या घरचा चरितार्थ त्यावरच चालला. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक कोरा तक्ता दिला आहे. तो वाचकाने स्वतः, पेन्सिलीने, एका कंपनीसाठी भरावा, कारण दुसऱ्याने भरलेल्या तक्त्यातून वाचायची सवय लागत नाही.

सुरुवातीला सांगितलेली निकालांची ती जाहिरातही आता बदलली आहे. पूर्वीचे आकड्यांचे रकाने जाऊन त्या जागी क्यूआर कोड आणि संकेतस्थळाचा पत्ता दिला तरी चालते. नागपूरच्या वाचकांना माझी विनंती आहे की पुढच्या तिमाहीत ती चौकट दिसली की फोन तिच्यावर धरावा. निकाल उघडला की खाली, टिपांपर्यंत जावे. तिथे सिलतऱ्याचे नाव सापडेल.